‘मी तर सगळ्यांना सारखंच वागवतो’, मग तक्रार कशाची?

प्रश्न थोडक्यात असा. टीममधल्या एका सहकाऱ्याचं नाव उच्चारायला अवघड, म्हणून सगळे त्याला त्याच्या रंगावरून पडलेल्या टोपणनावाने हाक मारत. वर्षभराने त्याने दोन पानी लेखी तक्रार दिली आणि टीमचे दोन तट पडले. एका गटाचं म्हणणं, पॉलिटिकल करेक्टनेसचा, म्हणजे कोणी दुखावू नये म्हणून शब्द जपून वापरण्याचा, अतिरेक झालाय, आता थट्टा करायचीही सोय राहिली नाही. दुसरा गट म्हणतो, हा सरळसरळ वंशवाद आहे. टीमप्रमुख विचारतात, ‘मी माणसाचा रंग, वंश काही बघत नाही. सगळ्यांना एकच नियम लावतो. यापेक्षा वेगळी समान वागणूक ती काय असते? आणि आता याच्यासाठी काही निराळं केलं, तर तो इतरांवर अन्याय नाही का?’

गेली बावीस वर्षं मी कामाच्या ठिकाणच्या भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करतेय. जबाब घ्यायचे, कागद तपासायचे, अहवाल लिहायचा. अशा वादात जवळजवळ सगळा वेळ दोन गोष्टींवर जातो: तो शब्द खरंच उच्चारला का, आणि उच्चारताना मनात काय होतं. बढती कोणाला मिळाली, रात्रपाळी कोणाच्या वाट्याला आली, यादीतून नाव कुठल्या टप्प्यावर गळलं, हे विचारायला कोणी थांबत नाही. त्यामुळे माझा आक्षेप दोन्ही तटांवर आहे आणि तो एकच आहे. तुम्ही स्वस्तातलं भांडण भांडताय.

टोपणनावाचं आधी संपवते, कारण त्यात फारसं काही नाही. माणूस सांगतोय की मला या नावाने हाक मारू नका. मग मारायची नाही. त्यासाठी समाजशास्त्र लागत नाही. नाव अवघड असल्याची सबब मी इतक्या वेळा ऐकलीय की आता हसू येतं. तीच मंडळी औषधांची आणि परदेशी फुटबॉलपटूंची नावं बिनचूक घेतात. ‘वर्षभर तर काही बोलला नाही’ हेही येतंच. नोकरीच्या पहिल्या वर्षी माणूस काय काय गिळतो, ते जरा स्वतःचं पहिलं वर्ष आठवून बघा.

पण अतिरेकाची तक्रार करणारा गट सगळाच चुकतो असंही नाही. गंमत म्हणजे ‘पॉलिटिकली करेक्ट’ हा टोमणा मुळात डाव्यांनी डाव्यांनाच मारलेला. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या डाव्या आणि स्त्रीवादी वर्तुळात कोणी फारच पोथीनिष्ठ बोलायला लागलं, की बाकीचे असं म्हणून त्याची फिरकी घेत. १९९०च्या सुमारास वृत्तपत्रांनी तो शब्द उचलला, आणि मे १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी मिशिगन विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात मुक्त अभिव्यक्तीवरचं संकट म्हणून त्याचा उल्लेख केला. तेव्हापासून तो शिक्काच झाला. दुसऱ्याच्या कपाळी मारायचा, स्वतःच्या कोणी लावून घेत नाही.

शब्द बदलल्याने काय बदलतं? थोडं बदलतं, नाही असं नाही. पण शब्दांना गंज चढतो. ‘इडियट’, ‘इम्बेसाइल’, ‘मोरॉन’ हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुद्धिमापनातले अधिकृत वर्ग होते. त्यांच्या शिव्या झाल्या. मग ‘मेंटली रिटार्डेड’ आला. त्याचीही शिवी झाली, आणि २०१० मध्ये अमेरिकेने ‘रोझाज लॉ’ नावाचा कायदा करून कितीतरी केंद्रीय कायद्यांतून तो काढून टाकला. मराठीत आपणही अपंग, विकलांग, दिव्यांग असा प्रवास केलाच की. फलक नवा लागला तरी जिन्याला रॅम्प नाही तो नाहीच. संस्थांना शब्द बदलणं फार आवडतं, कारण त्याला खर्च येत नाही. परिपत्रक काढलं, झालं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

एक चौकशी सांगते. दोन पर्यवेक्षक. पहिल्याविरुद्ध तक्रार होती. तोंडाचा फाटका माणूस. भर बैठकीत एका कृष्णवर्णीय तंत्रज्ञाला बोलू नये ते बोलला. साक्षीदार अकरा. तीन आठवडे आम्ही त्या एका वाक्यावर घालवले. दुसऱ्याविरुद्ध तक्रार नव्हतीच, तो साक्षीदार म्हणून आला होता. मृदू बोलणारा, प्रत्येकाला नावाने हाक मारणारा, संवेदनशीलतेच्या प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसणारा. केवळ तुलनेसाठी म्हणून मी दोघांच्याही चार वर्षांच्या बढतीच्या मुलाखतींच्या गुणपत्रिका मागवल्या. त्यात पाच रकाने होते: अनुभव, तांत्रिक ज्ञान, सुरक्षेची जाण, संवाद, आणि शेवटचा ‘टीममध्ये जुळेल का’. पहिल्या चार रकान्यांतले आकडे पेनने लिहिलेले. पाचवा पेन्सिलीने.

मृदू गृहस्थांच्या पत्रिका मी खिडकीकडे धरून बघितल्या, तेव्हा पाचव्या रकान्यात खोडरबराच्या खुणा दिसल्या. सात पत्रिकांवर. सातही वेळा आधी जास्त गुण दिले होते आणि मग कमी केले होते. सातही उमेदवार कृष्णवर्णीय. विचारलं तेव्हा त्यांना खरोखरच धक्का बसला. ‘एकूण बेरीज बघून मी थोडं जुळवून घ्यायचो,’ म्हणाले. ते खोटं बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तोंडाच्या फाटक्या माणसाच्या पत्रिका मात्र स्वच्छ निघाल्या. ज्याला तो बोलला, त्याच तंत्रज्ञाचं नाव त्याने दोन वर्षांपूर्वी बढतीसाठी सुचवलं होतं.

यातून शिवराळ माणूस बरा असा अर्थ कृपा करून काढू नका. त्याच्यावर कारवाई झाली आणि ती व्हायलाच हवी होती. त्या दिवसानंतर तो तंत्रज्ञ बैठकांत तोंड उघडेनासा झाला होता. मला म्हणायचंय ते एवढंच की शब्दाच्या मागावर गेलो, म्हणून आम्ही त्या सात जणांपर्यंत अपघाताने पोहोचलो. त्यांच्यापैकी एकानेही तक्रार केली नव्हती. करणार कशाची? त्यांना कोणी काही बोललंच नव्हतं.

अभ्यासही हेच दाखवतात. मारियान बर्ट्रंड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. काहींवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांमध्ये आढळणारी नावं, तर काहींवर लकिशा, जमाल अशी कृष्णवर्णीयांमधली. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले. गोऱ्या नावाला दर दहा अर्जांमागे एक बोलावणं, कृष्णवर्णीय नावाला दर पंधरा अर्जांमागे एक. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त बोचतो. अर्ज अधिक भक्कम केला, अनुभव वाढवला, की गोऱ्या नावाची बोलावणी चांगलीच वाढत. दुसऱ्याची फारशी हलत नसत. ‘मेहनत करा, सिद्ध करून दाखवा’ हा सल्ला देताना हे आठवावं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी याच पद्धतीने भारतात केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही दलित आडनावाला उच्चवर्णीय हिंदू आडनावापेक्षा कमी संधी आढळली आणि मुस्लिम नावाला त्याहून कमी. या सगळ्या प्रकारात कोणी कोणाला वावगा शब्द वापरला नाही. फोन आला नाही, इतकंच.

आता हेतू. ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं’ हे वाक्य मी जवळपास प्रत्येक जबाबात लिहून घेते. बहुतेक वेळा ते खरं असतं. पण बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचं उदाहरण घ्या. त्या यंत्राला कसला आलाय हेतू? ते त्वचेतून प्रकाश सोडतं आणि मोजतं. २०२० मध्ये अमेरिकी रुग्णालयांतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की यंत्र ‘ठीक’ सांगत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन धोकादायक पातळीला घसरलेला निघण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये जवळजवळ तिप्पट होतं. इथे कोणाचं मन तपासून काय मिळणार? यंत्र तपासावं लागतं.

नियमांचं तसंच. तुमचा खरा प्रश्न ‘एकच नियम सगळ्यांना’ हा आहे, आणि त्यावर आमच्या क्षेत्रातला मूळ निकाल १९७१चा, ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिना राज्यातलं एक वीजकेंद्र. कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात घेत. त्या विभागातला सर्वांत जास्त पगार हा बाकीच्या विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी. १९६४चा नागरी हक्क कायदा आला आणि त्यातली नोकरीतल्या भेदभावाची बंदी २ जुलै १९६५ पासून लागू झाली. त्याच दिवशी, अगदी त्याच तारखेला, कंपनीने नियम आणला: चांगल्या विभागांत नव्याने घ्यायचं तर हायस्कूलच्या डिप्लोम्यासोबत दोन लेखी चाचण्यांतही पास व्हायला हवं. गोरा असो की काळा, नियम एकच. आता १९६०च्या जनगणनेचा आकडा बघा. त्या राज्यात हायस्कूल पूर्ण केलेले गोरे पुरुष ३४ टक्के, कृष्णवर्णीय १२ टक्के. आणि मजा अशी की नियमाच्या आधी लागलेले, डिप्लोमा नसलेले गोरे कामगार तीच कामं व्यवस्थित करत होते, बढत्याही मिळवत होते. म्हणजे कामाला डिप्लोमा लागतच नव्हता.

कंपनीचा हेतू वाईट होता असं खालच्या न्यायालयांना वाटलं नाही. कामगारांच्या शिक्षणाच्या फीमधला मोठा वाटाही कंपनी उचलत होती. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की हेतू चांगला असून भागत नाही. दिसायला सारखा पण परिणामाने एका गटाला बाहेर ठेवणारा नियम त्या कामासाठी खरंच लागतो, हे मालकाने दाखवायला हवं. १९९१ मध्ये हे तत्त्व कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं. भांडण मात्र मिटलेलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून केंद्रीय यंत्रणांना हे तत्त्व शक्य तितकं बाजूला ठेवायला सांगितलं.

इंग्लंडमध्ये असाच प्रश्न एका शाळकरी शीख मुलाच्या फेट्यावरून उभा राहिला. बर्मिंगहॅममधल्या खासगी शाळेने सांगितलं, गणवेशात टोपीच, केस कापलेले; नियम सगळ्यांना सारखा. तो मुलगा नियम पाळू ‘शकत’ होता का? फेटा काढून, केस कापून शकत होताच. १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, कायद्यातल्या ‘शकतो’ या शब्दाचा अर्थ लावला: आपल्या समाजाच्या रीतीशी सुसंगत राहून, व्यवहारात शकतो का. शाळा हरली. मुख्याध्यापकांचा उद्देश मुलांमधले भेद दिसू नयेत हा होता, हेही निकालपत्रात नोंदलेलं आहे.

तेव्हा फक्त आकडे बघायचे आणि कमी दिसले की नियम रद्द करायचा? नाही. माझ्या क्षेत्रातल्या मंडळींना हे ऐकायला आवडत नाही, पण तिथेही गाडी घसरते. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहराने अग्निशमन दलातल्या बढतीसाठी परीक्षा घेतली. निकाल लागला तेव्हा दिसलं की त्यावेळच्या जागांवर एकाही कृष्णवर्णीय जवानाला बढती मिळणार नाही. शहराने खटल्याच्या भीतीने अख्खी परीक्षाच रद्द केली. वर आलेल्यांपैकी फ्रँक रिची नावाच्या जवानाला वाचनाची अडचण होती. त्याने पैसे देऊन पुस्तकं टेपवर वाचून घेतली होती आणि ऐकून अभ्यास केला होता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी शहराविरुद्ध निकाल दिला. चार न्यायाधीशांचा विरोध मला समजतो, तरी मी बहुमताच्या बाजूची आहे. परीक्षा कामाशी जुळते का हे ती घेण्याआधी तपासायचं असतं. पेपर लिहून झाल्यावर, वर आलेल्यांचे रंग बघून नव्हे.

‘मी रंग बघतच नाही’ याविषयी. या वाक्याचा उगम चांगला आहे. १८९६ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेत गोऱ्या-काळ्यांचे वेगळे डबे वैध ठरवले, तेव्हा विरोधात एकटे न्यायमूर्ती हार्लन उभे राहिले आणि त्यांनी लिहिलं की आपली राज्यघटना रंगांध आहे. त्या काळात हे लिहायला छाती लागत होती. पण पूर्ण मतपत्र वाचलं की थोडं पुढे चिनी लोकांबद्दल तेच हार्लन लिहितात, की हा वंश आपल्याहून इतका वेगळा की आपण त्यांना नागरिकही होऊ देत नाही. एकाच कागदावर, एकाच हाताने. रंग न बघणाऱ्याला काय दिसत नाही, ते त्याचं त्याला कळत नाही. पुढे हेच वाक्य वेगळ्या शाळांविरुद्ध लढणाऱ्यांनी वापरलं, आणि २०२३ मध्ये विद्यापीठ प्रवेशांत वंशाचा विचार बंद करणाऱ्या निकालातही ते उद्धृत झालं. दोन्ही बाजूंना आपलंसं वाटणारं वाक्य तुमच्या रोजच्या निर्णयाला कितीसं उपयोगी पडणार?

इतरांवर अन्याय होईल ही तुमची धास्ती मात्र उडवून लावण्यासारखी नाही, आणि कायदाही ती उडवत नाही. १९७६ मध्येच अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भेदभावबंदी गोऱ्यांनाही तितकंच संरक्षण देते. निकाल लिहिणारे थरगूड मार्शल, त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एकमताने पुन्हा ठरवलं की बहुसंख्य गटातल्या तक्रारदाराकडून जास्तीचा पुरावा मागायचा नाही. तोही निकाल लिहिला केतान्जी ब्राउन जॅक्सन यांनी, त्या न्यायालयातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायमूर्तींनी. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ या न्यायाने चालवलेली चौकशी कोणत्याही बाजूने चालवली तरी ती चौकशी नव्हेच.

पण अडथळा काढणं म्हणजे सवलत देणं नव्हे. मजूर विभागातून वर जायच्या वाटेवरचा बिनकामाचा डिप्लोमा काढला, तर तो ज्यांच्याकडे नव्हता त्या गोऱ्यांचाही फायदाच होतो. खऱ्याखुऱ्या विशेष उपायांसाठी १९६५च्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारात मर्यादाही घालून दिलीय: असे उपाय म्हणजे भेदभाव नव्हे, मात्र उद्दिष्ट साध्य झाल्यावर ते चालू ठेवायचे नाहीत.

‘मग सगळ्यांना प्रशिक्षणाला बसवू का?’ हा पुढचा प्रश्न येणारच, कारण तेही परिपत्रकासारखंच सोपं असतं. कलेव्ह, डॉबिन आणि केली या समाजशास्त्रज्ञांनी ७०८ खासगी आस्थापनांच्या तीन दशकांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये मांडलं, की वरच्या जागांवर कोण पोहोचतं यावर अशा प्रशिक्षणांचा परिणाम सर्वांत कमी. खरा फरक पडला तो एखाद्या माणसाला किंवा समितीला नावानिशी जबाबदार धरलं तिथे. माझा अनुभव याहून वेगळा नाही. त्या मृदू गृहस्थांनी पाच प्रशिक्षणं केली होती. प्रमाणपत्रं त्यांच्या केबिनच्या भिंतीवर होती.

तुमच्या बाबतीत, टोपणनाव उद्या सकाळीच बंद करा. भाषण नको, तुम्ही स्वतः त्याचं पूर्ण नाव नीट शिकून घ्या आणि सगळ्यांसमोर घ्या, बाकीचे शिकतात. त्याच्याकडून ‘तुला नेमकं काय वाईट वाटलं’ हे वदवून घेत बसू नका. मग कपाट उघडा. गेल्या तीन वर्षांच्या बढत्या, पाळ्या, जादा कामाचे तास, बाहेरच्या प्रशिक्षणाला पाठवलेल्यांची नावं असा सगळा कागद एका टेबलावर मांडा. कोण कुठल्या टप्प्यावर थांबतो ते बघा. एखादा गट सातत्याने एकाच टप्प्यावर थांबत असेल, तर तिथे कुठला नियम किंवा कुठला रकाना आहे आणि तो कामासाठी खरंच लागतो का, हे दोन वाक्यांत लिहून बघा. लिहिता आलं तर नियम ठेवा, मग कोणी कितीही ओरडो. नाही आलं तर काढा. ‘जुळेल का’ असा रकाना असेल तर तो आजच काढा, आणि गुण पेनने लिहायला लावा.

आणि तक्रार पुन्हा एकदा वाचा. टोपणनाव पहिल्या पानावर आहे, म्हणून टीम त्यावर भांडतेय. अशा तक्रारींत पाळ्या, अर्ज आणि तारखा बहुतेक वेळा दुसऱ्या पानावर असतात.